पालथी तिसरी रेघ

१

डॉक्टर नंदकुमार प्रधानांचं डोकं दोनदा फुटलं होतं. एकदा मागून, एकदा समोरून. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. तिथल्या आतल्या तपासणीच्या खोलीत, फरशीवर ते उताणे पडले होते. शेजारी त्यांची जुनी ई.सी.जी. मशीन, सहा किलोचं लोखंडी धूड, आणि तिच्या एका कोपऱ्याला रक्त आणि केस. अठ्ठावीस वर्षं जिने मुलुंडकरांच्या काळजाच्या रेघा काढल्या तिनेच मालकाचा जीव घेतला, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पेपरवाल्यांचं काय जातंय म्हणा.

मला फोन आला तो मात्र दुसऱ्याच कामाचा होता. त्या दवाखान्याच्या दारात लोक माझ्या भाच्याला मारत होते.

मी सुलक्षणा परब. पालिकेच्या इस्पितळात एकतीस वर्षं ई.सी.जी. काढले, त्यातली शेवटची बारा नव्या मुलींना शिकवण्यात घालवली. निलेश माझ्या बहिणीचा एकुलता एक. ती गेली तेव्हा तो अकरावीत होता. मग कांजूरमार्गच्या माझ्या दोन खोल्यांत वाढला आणि मावशीच्या मशीनी बघत बघत मशीनी विकायलाच लागला. प्रधान डॉक्टरांना नवीन मशीन घ्यायची होती. गुरुवारी दुपारी दोन कंपन्यांची माणसं आपापली मशीन दाखवायला आली, त्यातला एक निलेश. मशीन दाखवून, ती तिथेच ठेवून तो एक वाजता जेवायला गेला आणि चार वाजता ती न्यायला परत आला, तर दारात ही गर्दी. साडेतीनला दवाखान्यातल्या सुनंदाने मढं पाहिलं होतं. निलेश दिसताच तिने बोट दाखवलं, म्हणाली, शेवटी आत हाच होता.

एवढं पुरतं हो आपल्याकडे. एकाने मान धरली, दोघांनी पाय ओढले. एका भल्या गृहस्थाने त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि दुसऱ्याने वरून पेव्हर ब्लॉक घातला. तीन बोटं मोडली. त्यातला एक जण महिन्याला माझ्याकडून कोकम नेतो, निलेशने ओळखला तसा तोंड लपवून पळाला मेला. पोलीस आले म्हणून निलेश जिवंत राहिला, आणि पोलिसांनीच त्याला खुनासाठी आत घातलं.

मी ठाण्यावर पोचले तर मोडक्या हातावर रुमाल गुंडाळून तो बाकावर बसला होता. एक डोळा मिटलेला. मला बघून म्हणाला, "मावशी, मी नाय मारला गो."

"माका म्हायत आसा," मी म्हटलं. रडले नाही. रडायला नंतर वेळ होता.

तेवढ्यात इन्स्पेक्टर इरावती मोहिते बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या की माझ्या भाच्याविरुद्धचा साक्षीदार त्याची स्वतःचीच मशीन आहे.

२

मोहितेबाई चाळिशीच्या, बोलायला तुटक. शुक्रवारी दुपारी तीनला निलेशला कोर्टात उभा करायचा होता, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग टेबलावर ई.सी.जी.ची एक छापील पट्टी ठेवली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रधान डॉक्टर कुठलीही मशीन स्वतःच्या छातीवर लावून बघत. निलेशच्या मशीनमध्ये साठवण आहे, काढलेली प्रत्येक पट्टी वेळेसकट आत राहते. त्यातली शेवटची पट्टी एक वाजून बारा मिनिटांची. डॉक्टरांच्या छातीवर रबरी बल्बचे सहा गोल वळ सापडले, म्हणजे पट्टी त्यांचीच. निलेश म्हणतो मी एकला मागच्या दाराने निघालो. मग एक बाराला त्याची मशीन कुणी चालवली? डॉक्टरांनी त्याला "नको तुझी मशीन" म्हटलं, हे तो स्वतः कबूल करतो. त्याचं डोकं फिरलं, हाताला जुनी मशीन लागली, घातली डोक्यात, मागच्या दाराने गेला. कॅमेरा फक्त पुढच्या दाराला आहे.

मी चष्मा लावला.

आता हे तुम्हाला सांगायला हवं, कारण सगळं यावरच आहे. ई.सी.जी. काढताना दोन्ही हातांना आणि दोन्ही पायांना एकेक चिमटा लावतात आणि छातीवर चोखून धरणारे सहा रबरी बल्ब. पट्टीवर बारा रेघा उमटतात, पहिल्या सहा चिमट्यांच्या, पुढच्या सहा छातीच्या. समोरच्या पट्टीवर छातीच्या सहाही रेघा देखण्या होत्या. ज्याने बल्ब लावले त्याला बरगड्या मोजता येत होत्या. पण हातापायांची दुसरी रेघ पालथी होती, आणि तिसरी तर पार डोकं खाली पाय वर. माणसाचं काळीज असं अर्धं सुलट अर्धं उलट होत नसतं. चिमटे चुकीच्या जागी लागले होते. आणि ठोके होते मिनिटाला एकशे बत्तीस, तेही अडखळत.

मी मोहितेबाईंना विचारलं की याच्या आधीची पट्टी छापून बघितली का. त्या म्हणाल्या, कशाला? मी म्हटलं, बघा तर.

कंपनीचा इंजिनीअर तिथेच होता. त्याने बटण दाबलं, पट्टी आली. बारा बावन्नची. तेच काळीज, तोच माणूस, ठोके चौऱ्याहत्तर. बाराही रेघा जशा हव्या तशा, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

"ही निलेशने काढलीय," मी म्हटलं. "आणि एक बाराची दुसऱ्याच कुणीतरी. डॉक्टरांच्या डोक्याला मार लागल्यावर. चौऱ्याहत्तरचे एकशे बत्तीस उगाच होत नाहीत."

३

मोहितेबाई खुर्चीत मागे टेकल्या. माणूस मारल्यावर त्याचा ई.सी.जी. कोण काढतं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, मलाही तोच पडला होता. पण मग त्यांनी फाईल उघडली आणि अधिकाराने की नाइलाजाने कुणास ठाऊक, मला दोन गोष्टी सांगितल्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या मते दोन घावांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर होतं. मागची जखम सुजली होती, पुढची नाही. आणि शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. दुसऱ्या घावाचं रक्त बटणांच्या वरून उडालं होतं, आतल्या छातीवर थेंब नाही. छातीला, मनगटांना ई.सी.जी.साठी लावतात त्या जेलीचा चिकटपणाही नाही, सगळं कापसाने पुसलेलं.

म्हणजे कुणीतरी पहिला घाव घातला. मग पडलेल्या माणसाला चिमटे लावले, बल्ब लावले, पट्टी काढली. जेली पुसली. बटणं लावली. आणि नंतर परत तीच सहा किलोची मशीन उचलली.

ती पुसलेली जेली मला ओळखीची वाटली, पण का ते तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

मी फक्त चिमट्यांचं सांगितलं. आपल्याकडच्या मशीनींना ठरलेले रंग असतात. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. निलेशच्या मशीनची वायर अमेरिकेच्या रंगांची आहे. तिथे उजव्या हाताला पांढरा, डाव्या हाताला काळा, डाव्या पायाला लाल, उजव्या पायाला हिरवा. चिमट्यांवर बारीक अक्षरंही असतात. आता ज्याला जुने रंग हाडीमाशी भिनलेत, तो न बघता काय करेल? लाल उजव्या हाताला. काळा उजव्या पायाला. हिरवा डाव्या पायाला. उरला पांढरा, तो उरलेल्या डाव्या हाताला. तसं करा, आणि दुसरी-तिसरी रेघ अशीच पालथी येते. बल्बवर मोठे आकडे असतात, म्हणून छाती बरोबर.

"निलेश घाबरून चुकला असेल," मोहितेबाई म्हणाल्या.

"हीच वायर तो दोन महिने दिवसातून पाच वेळा लावतोय. आणि मशीन साठवण करते हे ओरडून ओरडून विकणारा माणूस ती पट्टी पुसल्याशिवाय गेला असता?"

त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाल्या की मागच्या दाराने आत जाऊ शकतील अशी आणखी तीन माणसं आहेत, आणि मला उद्या दुपारी बारापर्यंतचा वेळ आहे.

४

पहिला डॉक्टर ओजस. नंदकुमारांचा पुतण्या आणि दवाखान्यातला भागीदार. सकाळी आठला मी त्याच्या दारात उभी राहिले तर त्याने दार उघडलं आणि मला पाहून परत आपटायला गेला. मी पाय घातला मध्ये. म्हातारीचा पाय मोडायची त्याची छाती झाली नाही. त्याच्या उजव्या मुठीची सालटं निघाली होती.

विचारलं तर लपवलं नाही त्याने. गुरुवारी बारा वाजता काकाशी कडाक्याचं भांडण झालं, भिंतीवर गुद्दा मारला, भिंत जिंकली. चार वर्षं तो नवीन मशीन मागत होता. जुनीची सुई भलतीकडेच थरथरायची, रेघेपेक्षा कचरा जास्त. शेवटी काकाने विक्रेते बोलावले ते फक्त ओजसचं तोंड बंद करायला, आणि मशीनी बघायच्या आधीच सांगून टाकलं, कुणाचीच नको, आपली अजून दोन वर्षं काढेल. एक वाजता तो मागच्या गल्लीत गाडीत एसी लावून झोपला होता म्हणे. कुणी पाहिलं? कुणीच नाही.

मी विचारलं, ई.सी.जी. स्वतः काढतोस का कधी? तो जवळजवळ हसला. म्हणाला की कॉलेजात काढला असेल, वायरी सगळ्या सुनंदाच लावते, आपण पट्टी वाचायची.

दुसरा मिहिर वोरा, घाटकोपरचा. दुसऱ्या कंपनीचा विक्रेता. बोलायला इतका गोड की मुंग्या लागाव्यात. त्याच्या मानेवर ओरखडे होते. मांजर, म्हणाला. मांजर त्याच्या दुकानात समोरच बसली होती, तेव्हा असेलही. बारा चाळीसला तो पुढच्या दाराने गेला हे कॅमेऱ्यात आहे, पण मागच्या दाराने परत आला नाही हे कुणाला माहीत? निलेशचं आणि त्याचं दोन वर्षांचं वैर, तीन दवाखाने एकमेकांच्या तोंडातून काढलेत. एकदा निलेशने त्याला मेळाव्यात सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. हे मला माहीत नव्हतं, मिहिरने मोठ्या आवडीने सांगितलं.

डॉक्टरांना काय काय सांगितलंस, असं विचारलं तर त्याने सगळा पाढा वाचला. केबिनचं दार लावून घेऊन त्याने डॉक्टरांच्या कानात घातलं होतं की निलेशच्या मशीनची वायर अमेरिकन रंगाची आहे, तुमची बाई गोंधळेल, एखाद्या दिवशी पेशंट माराल. स्पर्धेत सगळं चालतं, म्हणाला.

तिसरी सुनंदा घाडी. तिच्याकडे मी शेवटी गेले, कारण ती माझी विद्यार्थिनी. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकली आणि तिथून थेट प्रधानांकडे लागली. इतक्या मुली शिकवल्या, पण हिच्यासारखा हात एकीचा नाही. मी सगळ्यांना ओरडायची, रंगाकडे बघत बसू नका, पेशंट मरतोय आणि तुम्ही लाल-पिवळं करताय, हाताला कळलं पाहिजे. सुनंदाच्या हाताला आठ दिवसांत कळलं. डोळे मिटून लावायची.

म्हाडाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. दार उघडून ती माझ्या पाया पडली आणि रडायलाच लागली, म्हणाली, बाई, तो तुमचा भाचा हे मला माहीत नव्हतं, मला खरंच वाटलं त्यानेच मारलं. तिने पोहे केले, मी खाल्ले. एकला ती घरी जेवायला आली होती, रोजच येते. मुलगी गंधाली कॉलेजला, म्हणजे घरात दुसरं कुणी नाही.

भिंतीवर दत्तारामचा, तिच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो होता. रिक्षा चालवायचा, माझ्या ओळखीचा. तीन वर्षं झाली, ती म्हणाली. छातीत दुखलं म्हणून सकाळी दवाखान्यात नेलं, तिनेच पट्टी काढली, प्रधान म्हणाले रेघा खराब आहेत, मशीनचा कचरा आहे, गॅस असेल. दुपारी गेला. हे सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

नवीन मशीन पाहिलीस का, मी विचारलं. ती म्हणाली, कुठली पाहतेय बाई, डॉक्टरांनी आत बोलावलंच नाही मला.

पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. मी पाणी प्यायले आणि खाली उतरून मोहितेबाईंना फोन केला, तिघांनाही बाराला ठाण्यावर बोलवा.

५

ठाण्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, त्यात लाकडी बाक. बाकावर मी आडवी पडले. शेजारी टेबलावर निलेशची मशीन. तिघांना सांगितलं होतं की ही मशीन कुणाकुणाला चालवता येते एवढंच बघायचंय, एकेकाने आत यायचं, बाईंचा ई.सी.जी. काढायचा आणि मागच्या दाराने जायचं. मोहितेबाई दाराशी उभ्या.

ओजस आला. त्याने वायरींचा गुंता हातात घेतला आणि एकेक चिमटा डोळ्यांजवळ नेऊन त्यावरची अक्षरं वाचली. सात मिनिटं लागली त्याला. चिमटे सगळे बरोबर. बल्ब मात्र भलतीकडे, एक तर जवळजवळ माझ्या खांद्यावर. हातापायांच्या रेघा सुलट आणि छातीच्या भिकार आल्या. अगदी उलटं.

मिहिर आला. वायर बघताच म्हणाला, ही अमेरिकन आहे, मी सांगितलंच होतं. पांढरा चिमटा उचलून माझ्या उजव्या हाताला लावला, पुढचे तीनही बरोबर. लावता लावता माझ्या वयाच्या बायकांनी वर्षातून दोनदा तपासणी करावी असं सुचवलं. पट्टी स्वच्छ आली.

मग सुनंदा आली.

"बाई, हात सैल सोडा," ती म्हणाली. मीच शिकवलेलं वाक्य. मनगटाला जेली लावली, थंड. मग तिचे हात गेले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, धीर द्यायला, पेशंटच्या तोंडाकडे बघायचं हेही मीच शिकवलेलं. लाल उजव्या हाताला. काळा उजव्या पायाला. हिरवा डाव्या पायाला. उरलेला पांढरा डाव्या हाताला. बल्ब एकेक बरगडी चाचपून, जिथल्या तिथे. सगळं मिळून मिनिटभर. एकच मोठं बटण, ते दाबलं. पट्टी बाहेर यायला लागली.

तिसरी रेघ पालथी होती.

मला वाटलं होतं की मला आनंद होईल. निलेश सुटला होता ना. पण तो झाला नाही, आणि मी हळूच विचारलं, "सुनंदा, पिवळा चिमटा कुठाय गं?"

ती खाली बघायला लागली. माझ्या डाव्या हाताकडे, पांढऱ्या चिमट्याकडे. मग पट्टीकडे. मग टेबलावर मोहितेबाईंनी मुद्दाम उघडी ठेवलेली एक बाराची पट्टी तिला दिसली. वाचता येत होतं तिला. माझ्यापेक्षा चांगलं.

काय झालं ते मला कळायच्या आत वायरीचा वेढा माझ्या गळ्याभोवती पडला. गुडघा माझ्या छातीवर, बल्ब फटाफट उडाले. श्वास बंद. मी तिचं तोंड बघत होते आणि ते रागाचं नव्हतं, काम करतानाचं होतं. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली, बाकाच्या कडेवर टाच आपटली, सोलली. मोहितेबाईंनी तिचे केस धरून मागे खेचलं तरी सुटेना. मग त्यांनी काठी तिच्या मनगटावर घातली, हाड वाजलेलं मला ऐकू आलं, आणि वेढा सैल झाला.

मी खाली पडून खोकत होते. सुनंदा भिंतीला टेकून बसली, मोडकं मनगट मांडीवर घेऊन. मोहितेबाईंनी अजून काही विचारलंही नव्हतं. तिने आपणहून तोंड उघडलं.

६

गुरुवारी निलेश गेल्यावर ती जेवायला निघाली होती. डॉक्टर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. तिने विचारलं, कुठली मशीन घेतली? ते म्हणाले कुठलीच नाही, अगं आपली काय वाईट आहे, अजून दोन वर्षं काढेल. आणि वर, तुझा हात चांगला आहे, तू सांभाळून घेतेस.

"सांभाळून घेतेस म्हणाले," सुनंदा म्हणाली. "दत्ताची पट्टी हातात घेऊन हेच म्हणाले होते, मशीनचा कचरा आहे, सांभाळून घे."

जुनी मशीन तिच्या समोरच होती. दोन्ही हातांनी उचलली आणि मागून घातली. ते खुर्चीतून खाली आले. मग तिला काही सुचेना. माणूस खाली पडलाय, आणि एकोणीस वर्षं माणूस पडला की तिचे हात एकच काम करायचे. जुनी मशीन रक्ताने भरलेली, म्हणून टेबलावरची नवी ओढली. चिमटे, बल्ब, बटण. पट्टी आली तेव्हा तिला कळलं की काळीज चालू आहे. नवीन मशीन पट्टी आपल्या पोटातही ठेवते हे तिला माहीत नव्हतं. जुनी कुठे असं काही साठवायची? कागद तिने घरी नेऊन गॅसवर जाळला.

तिसरी रेघ पालथी दिसली नाही का तुला, मी विचारलं. माझा आवाज घोगरा येत होता. ती म्हणाली, दिसली, पण मला वाटलं आता याचंही काळीज बिघडलंय, बरं झालं.

मोहितेबाईंनी विचारलं की काळीज चालू होतं तर ॲम्ब्युलन्स का नाही बोलावली. सुनंदाने सांगितलं की तिने जेली पुसली, शर्ट नीट केला, पेशंट चिकट अंगाने घरी जाऊ नये म्हणून, हेही मीच शिकवलेलं. तेवढ्यात डॉक्टरांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. ते काय बोलतात ते ऐकायचं नव्हतं तिला. म्हणून परत उचलली मशीन, या वेळी समोरून.

मी त्या सगळ्यात फक्त एकच गोष्ट केली. उठले, आणि खाली लोंबणारी वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

७

पाच वाजता निलेश बाहेर आला. त्याच्या हाताला इस्पितळातून प्लास्टर घालून आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट परत वाकणार नाही. त्या गृहस्थांपैकी एकही माफी मागायला आला नव्हता. मी त्याला रिक्षात बसवत होते, तेवढ्यात शिपाईबाई धावत आली, म्हणाली, आतली बाई तुम्हाला बोलावतेय, दोन मिनिटं.

जाऊ नको, निलेश म्हणाला. मी गेले.

सुनंदा गजांच्या आत बसली होती. माझ्या गळ्यावरच्या लाल पट्ट्याकडे बघून म्हणाली, बाई, लागलं का फार? मी म्हटलं, लागलं. मग तिने मुलीचं विचारलं. मी म्हटलं, गंधालीला मी बघेन. ते म्हणायला मला जड गेलं, पण म्हटलं आणि ते खोटं नव्हतं.

"डॉक्टरांवर मी चिडले ते खरं," ती म्हणाली. "पण दत्ताला मी घरी नेलं ते त्यांच्या सांगण्यावरून नाही हो. ते गॅस म्हणाले तरी माझा विश्वास नव्हता. मी बाहेर येऊन पट्टीचा फोटो तुम्हाला पाठवला."

मी गज धरला.

"तुम्ही अंगठा पाठवलात. मला वाटलं, बाईंनी बघितलंय. मग रिक्षा केली आणि घरी नेलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तक्रारही नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी तिच्या नवऱ्याची पट्टी बघितली आणि माझी चूक झाली, माणसाची होते तशी. शिपाईबाई म्हणाली, चला. मी निघाले.

रिक्षात निलेश डोळे मिटून पडला होता. मी फोन काढला. रिटायर झाल्यापासून दिवसाला वीस-पंचवीस पट्ट्या येतात मला, शिकवलेल्या मुली पाठवतात, त्यातच सुप्रभात आणि देवांचे फोटो. मी सगळ्यांना अंगठा पाठवते. अंगठाच आपोआप जातो. उघडत नाही मी.

सुनंदाचं नाव काढून वर वर सरकत गेले. तीन वर्षं मागे जायला वेळ लागला, कांजूरमार्गचा पूल आला. मग तो दिवस सापडला. सकाळी सव्वाअकरा. फोटो, त्याखाली तिचं, बाई हे ठीक आहे का, आणि त्याखाली अकरा सोळाला माझा अंगठा. फोटो मी कधीच मोठा केला नव्हता, धूसर चौकोन तसाच होता. मी त्यावर बोट ठेवलं. गोल फिरलं, फिरलं, आणि उघडला.

कचरा होता रेघांत. सुई थरथरलेली. पण त्या सगळ्यातून वर चढलेल्या तीन रेघा इतक्या स्पष्ट होत्या की माझ्या पहिल्या आठवड्यातल्या मुलीनेही ओळखल्या असत्या. दत्तारामला झटका आला होता, मोठा, आणि तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तो गेला दुपारी अडीचला.

निलेशने डोळे उघडून विचारलं, काय गो मावशी, कोणाचा फोटो? मी त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि त्याला सांगायला सुरुवात केली.